मी चालवताना न येणारा आवाज

गाडीत आवाज नाही, असं मी सासऱ्यांना ठामपणे सांगितलं. आवाज होता.

एवढ्यावर थांबलो असतो तरी भागलं असतं. पण पुढच्या रविवारी मी माझ्या मतात दुरुस्ती केली आणि सांगितलं, की आवाज आहे, पण तो तुमच्या हातांमुळे येतो. हेही चूक होतं. माझी चूक एकदाच होऊन मिटत नाही. ती सुधारायला जातो तेव्हा तिची खरी वाढ होते.

सासरे दातांचे डॉक्टर. नारायण पेठेत पहिल्या मजल्यावर राहायचे आणि खाली त्यांचा दवाखाना. आ वासलेल्या माणसांना आयुष्यभर प्रश्न विचारल्यामुळे उत्तराची वाट बघायची सवय त्यांना राहिली नव्हती. सत्तरी उलटल्यावर त्यांनी आपणहून दवाखाना बंद केला. "हात थरथरायच्या आत थांबलो," हे वाक्य ते आल्यागेल्याला ऐकवत. पेशंट वाचवल्याचा डौल इतर डॉक्टरांना असतो. यांना आपण वेळेवर थांबल्याचा होता.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, जिथे पूर्वी लोक गाल धरून बसायचे, तिथे आता गाडी उभी असायची. भिंतीवर दातांचा तक्ता तसाच होता. गाडी इंग्लंडात बनलेली, दोनच माणसांची, टप काढता येणारी, फिकट पिस्ता रंगाची. खडकीच्या एका लष्करी अधिकाऱ्याची बदली झाली तेव्हा त्याच्याकडून सासऱ्यांनी ती तरुणपणी घेतली होती. इतकी बुटकी, की तिच्यात बसलं म्हणजे रस्त्यावरची कुत्री आपल्या डोळ्यांत डोळे घालून बघतात. पेठेतले लोक तिला हौस म्हणत आणि सासऱ्यांच्या मागे दुसरा शब्द वापरत.

सासूबाई गेल्यावर त्यांच्या आठवड्याला रविवार सकाळ हा एकच कणा उरला होता. उजाडलं की शटर वर करायचं, गाडी काढायची, पूल ओलांडून शिवाजीनगरवरून खडकीला जायचं, तिथल्या लष्करी भागातल्या सावलीच्या रस्त्यांवरून एक रमतगमत फेरी मारायची आणि नाश्त्याला परत. बाकीचे सहा दिवस ते पेपर वाचत आणि शेजाऱ्यांशी भांडत, पण ते वेळ काढणं होतं.

दिवाळीच्या सुमारास त्यांनी मला बोलावून घेतलं.

"जावईबापू, गाडी बोलायला लागलीय."

"काय म्हणते?"

"ते तुम्ही सांगायचं. तुम्ही आवाज शिकवता ना."

मी कॉलेजात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवत असे, त्यात 'ध्वनी' हे प्रकरण येतं. शिवाय एकदा मी त्यांच्या घरचा बंद पडलेला मिक्सर सुरू केला होता. मी तो फक्त हलवला होता, पण हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तेव्हापासून त्या घरात यंत्रांच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा समजला जाई.

"कसा आवाज?" मी विचारलं.

"दाढेवर सळईनं हलकं ठोकलं की येतो ना, तसा. टक. मग जरा दम खाऊन टक-टक. वळणावर जास्त."

त्या रविवारी मी चालवायला बसलो, ते शेजारी. पुलावर चढलो तसं त्यांनी बोट वर केलं.

"हा आला."

"कुठे?"

"गेला. थांबा... हा."

मला वारा ऐकू येत होता, इंजिन ऐकू येत होतं, मागच्या रिक्षाचा हॉर्न ऐकू येत होता. टक कुठेच नव्हतं. खडकीपर्यंत त्यांनी दहा-बारा वेळा तरी बोट वर केलं असेल. शेवटी मी गाडी बाजूला घेतली आणि त्यांना समजावून सांगितलं, की वय झालं की कधीकधी कानातच आवाज येतात आणि माणसाला ते बाहेरचे वाटतात.

"माझ्या कानात आवाज नाही," ते म्हणाले. "गाडीत आहे."

"बाबा, गाडीत आवाज नाही."

दुखत नाही म्हणणाऱ्या पेशंटकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

पुढच्या रविवारी त्यांनी मला डावीकडच्या सीटवर बसवलं. "आज मी चालवतो. तुम्ही इथे बसा आणि तोंड बंद ठेवा." आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला सांगणाऱ्या माणसानं हे सांगितल्यामुळे मी खरंच गप्प बसलो. पुलाच्या वळणावर आवाज आला. टक. मग टक-टक. स्वच्छ, कोरडा, अगदी त्यांनी सांगितला होता तसा.

"आला," मी ओरडलोच.

त्यांनी मान हलवली. चेहरा एकदम मोकळा झाला. "चला. म्हणजे मला वेड लागलं नाही."

येताना मी चालवलं. आवाज बंद. ते शेजारून म्हणत राहिले, "येतोय, अजून येतोय," पण मला त्यात त्यांचा हट्ट दिसला. मी विचार करत होतो. ते चालवतात तेव्हा आवाज येतो, मी चालवतो तेव्हा येत नाही. दोन्ही वेळा गाडी तीच, रस्ता तोच. बदलला तो फक्त चालवणारा. घरी पोचेपर्यंत माझं प्रमेय तयार होतं, आणि मला त्याचा आनंद झाला होता, हे सांगायला हवं. वर्गात इतकी वर्षं दुसऱ्यांचे शोध शिकवणाऱ्याला स्वतःचा एखादा शोध लागला की त्याचं भान सुटतं.

घरी मेहुणा येऊन बसला होता. तो बिबवेवाडीला राहायचा, तिथेच त्याचा प्लास्टिकच्या डब्यांचा लहानसा धंदा होता. चांगला मुलगा. वाईट एवढंच, की तो माझं म्हणणं मनावर घ्यायचा. त्या पावसाळ्यात बाबांनी गाडी आत घेताना शटरच्या चौकटीला घासली होती, तेव्हापासून तो धास्तावलेला होता.

"भावजी, लागला का आवाजाचा पत्ता?"

"लागला," मी म्हणालो आणि पेपरच्या कडेला आकृतीच काढली. हे स्टिअरिंगचं चाक. हा त्याचा दांडा. चाकावरच्या हाताला किंचित जरी कंप असला, तरी तो दांड्यातून खाली उतरतो, खालचा एखादा सैल भाग थरथरतो, आणि टक. "मी चालवताना येत नाही, ते म्हणूनच."

मेहुण्याचा पोह्यांचा चमचा हवेत राहिला. "बाबांचा हात थरथरतो?"

"किंचित," मी म्हणालो. "या वयात साहजिक आहे. लक्षातही येत नाही."

मी त्यांचा हात थरथरताना बघितला नव्हता. आकृतीला कंप लागत होता, म्हणून मी तो घातला.

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. दोन्ही पंजे पालथे करून टेबलावर पसरले आणि ते त्यांच्याकडे बघत राहिले. ते पंजे तेव्हा दगडासारखे स्थिर होते. मी समोरच बसलो होतो, मला दिसत होतं. पण त्यांना काय दिसत होतं, ते मला सांगता येत नाही.

"बाबा," मेहुणा हळूच म्हणाला, "किल्ली थोडे दिवस माझ्याकडे राहू दे. एकदा डॉक्टरांना दाखवू."

मला वाटलं, आता भांडण होणार. भांडणाची संधी त्या माणसानं कधी सोडली नव्हती. बिलातल्या एका चुकीसाठी ते दुकानदाराला मागची दहा वर्षं ऐकवत. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि मुलासमोर ठेवली. "डॉक्टर नको," एवढंच म्हणाले. "सांगितलं त्यांनी काही, तर मग ते खरंच होऊन बसेल."

नंतरचे आठवडे वाईट गेले. बायको रोज संध्याकाळी माहेरी डोकावून यायची आणि एकेक बातमी आणायची. बाबांनी चहा दोन्ही हातांनी धरला. बाबांनी बँकेच्या कागदावर सही करायचं उद्यावर टाकलं. कुकर गॅसवर असताना बाबांनी विचारलं, "शिट्टी झाली ना? की मलाच वाटली?" मग एक दिवस ती आली आणि चप्पलही न काढता दारातच उभी राहिली.

"बाबा आज सलूनमध्ये गेले होते."

"मग?"

"दाढी करायला."

मला समजलं. ते पहिल्यापासून घरी, आरशासमोर, उघड्या वस्तऱ्यानं दाढी करायचे. न्हाव्याच्या हाताला शिस्त नसते, असं त्यांचं मत होतं.

"मी काही मुद्दाम..." मी म्हणालो.

"मुद्दाम केलं असतंत तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं." ती आत आली. "एक करा. तो आवाज शोधा. तो गाडीतच आहे असं निघालं, तर बाबांचे हात सुटतील. नाही निघालं, तर मला तरी कळू दे, की त्यांना खरंच काहीतरी होतंय. हे असं मधल्यामधे नको."

मी बिबवेवाडीला जाऊन किल्ली मागितली. मेहुण्यानं लगेच दिली. "तुम्ही चालवा हो, भावजी. तुम्ही चालवताना कुठे आवाज येतो?" त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला.

खडकीला स्टेशनजवळ एका मिस्त्रींचं गॅरेज होतं. त्यांच्या वडिलांनी तिथेच लष्करी अधिकाऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या होत्या. ही पिस्ता गाडी त्यांना तिच्या जुन्या मालकापासून माहीत होती. मिस्त्री अंगानं आडवे होते आणि तोंडात सदैव बडीशेप. त्यांनी इंजिन सुरू करून लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावली, टोक इथेतिथे टेकवलं, खाली वाकून चाकं हलवली, चारही बाजूंनी दणके दिले.

"काही नाही. झकास आहे गाडी."

"आवाज येतो पण."

"तुम्हाला येतो?"

"मी चालवतो तेव्हा नाही येत."

मिस्त्रींनी हात पुसायचे थांबवले. "मग तुम्ही कशाला आलात? ज्यांना येतो त्यांना पाठवा."

"तुम्हीच एक चक्कर मारून बघता का?"

त्यांनी सीटकडे बघितलं, मग खाली स्वतःच्या पोटाकडे. "साहेब, मी ह्यात बसलो तर मला बाहेर काढायला गाडी कापावी लागेल."

गाडी उभी असेपर्यंत तिच्याइतकी शहाणी गाडी पुण्यात नव्हती. मी एकट्यानं ती खडकीत फिरवली, कात्रजच्या चढावर नेली, पेठांतल्या खड्ड्यांत मुद्दाम घातली. टपाच्या खिळ्या काढून पिशवीत भरल्या, सीटखालचे पाने घरी ठेवले, मागच्या डिकीतून वायपरची जुनी पाती आणि एक गंजलेला जॅक काढला. आवाज आधीही येत नव्हता, नंतरही नाही. न येणारा आवाज कमी कसा करायचा, हे कुठल्या पुस्तकात नाही. आणि प्रत्येक फेरीगणिक माझं ते दळभद्री प्रमेय आणखी पक्कं होत होतं. ते खोटं ठरावं असं मला पहिल्यांदाच मनापासून वाटत होतं, तर ते मोडायला तयार नाही.

शेवटी एका रविवारी बायको म्हणाली, "मी येते बरोबर."

तिला ती गाडी आवडत नसे. साडी सावरत, पाय दुमडत ती आत बसली आणि आपण रस्त्यावरच बसलोय असं वाटतं, म्हणाली. पेठेतून निघालो. पुलावर डावीकडे वळण घेतलं.

"अहो, येतोय की."

"काय येतंय?"

"आवाज. टक-टक. हा काय."

मला वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. "कुठे?" म्हणत मी मान तिच्याकडे वळवली, आणि टक. मान सरळ केली, गेला. पुन्हा वळवली, टक-टक. सरळ. शांत.

"समोर बघा," ती ओरडली. समोर दुधाचे कॅन लावलेली सायकल होती. मी ब्रेक मारला, सायकलवाल्यानं माझ्या घराण्याची विचारपूस केली आणि तो पुढे गेला.

इथे मी आणखी एक शोध लावला, तो नोंदवून ठेवतो. मान वळवली की आवाज येतो, सरळ केली की थांबतो. त्या अर्थी आवाज माझ्या मानेत आहे. मणक्याचे विकार या वयात सुरू होतातच. मी बायकोला विचारलं, "तुला आवाज आला तेव्हा तूही मान वळवली होतीस का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गाडी बाजूला घ्या."

एका झाडाखाली मी गाडी उभी केली, इंजिन बंद केलं. तिनं वाकून माझ्या उजव्या कानावर तळहात गच्च दाबला. तिचे ओठ हलले. कोणीतरी शेजारच्या इमारतीत बोलत असावं तसं काहीतरी पोचलं.

"काय म्हणालीस?"

तिनं हात काढला. "म्हणाले, किती वर्षं झाली असतील?"

गाडीत चालवणारा उजवीकडे बसतो. त्याचा डावा कान गाडीकडे आणि उजवा बाहेरच्या वाऱ्याकडे. माझा डावा कान केव्हातरी गेला होता आणि उजव्यात वारा भरलेला असायचा. डावीकडच्या सीटवर बसलो, की चांगला कान आपोआप गाडीकडे यायचा. प्रयोगात चालवणाऱ्याबरोबर ऐकणाऱ्याची जागाही बदलली होती, आणि अकरावीतल्या कुठल्याही मुलानं हे आकृती न काढता सांगितलं असतं.

मला वाटलं, बायको हसेल. मी तिच्या जागी असतो तर महिनाभर हसलो असतो. ती समोरच्या काचेकडे बघत म्हणाली, "मी तुमच्या डाव्या अंगाला झोपते. झोपताना दिवसभराचं सगळं तुम्हाला सांगते. तुम्ही हूं की चूं करत नाही. मला वाटायचं, ऐकून न ऐकल्यासारखं करता." मग म्हणाली, "किती रागावलेय मी त्यावर."

मी मान वळवून उजवा कान तिच्याकडे केला.

"म्हणजे बाबांचे हात..." तिनं सुरुवात केली.

"ठीक आहेत," मी म्हणालो.

"ते तुम्ही नका सांगू." तिनं डोळे पुसले. "आणि नुसतं सांगून आता चालायचं नाही. बाबांना काहीतरी हातात द्यायला हवं. तुम्ही चालवा, मी ऐकते."

आम्ही खडकीच्या रस्त्यांवरून गोल गोल फिरलो. मी वळणं घेत होतो, ती वाकून कुठे गुडघ्यापाशी, कुठे दारापाशी कान लावत होती. टपरीवर चहा पिणारे दोन जवान आमच्याकडे टक लावून बघत होते. प्रत्येक फेरीला आम्ही त्यांच्यासमोरून जायचो आणि प्रत्येक फेरीला माझी बायको आणखी खाली गेलेली असायची. अखेर ती डॅशबोर्डखालून म्हणाली, "इथे. या पत्र्याच्या आत काहीतरी गडगडतंय."

मिस्त्रींनी मला परत आलेलं बघून कपाळाला हात लावला नाही एवढंच. "आज ऐकणारं माणूस आणलंय," मी म्हणालो. बायकोनं जागा दाखवली. बॉनेटवर, काचेच्या अगदी पुढे, हवा आत घ्यायची जाळी असते. तिथून एक पत्र्याचा बोगदा खाली डॅशबोर्डमागे उतरतो. मिस्त्रींनी दार उघडून बाहेरूनच पायाशी आडवं होऊन चार स्क्रू काढले, पत्रा वाकवला, वरून एक थाप दिली. काहीतरी टणटणत आलं आणि पायपुसण्यावर पडलं.

मिस्त्रींनी ते उचललं, उजेडात धरलं, स्वच्छ फडक्यावर ठेवून उजव्या हातानं माझ्यापुढे केलं.

"घ्या. तुमचा देव दिसतोय."

सुपारी होती. काळवंडलेली, एका अंगाला कुंकवाचा डाग.

बायकोनं सुपारीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला दसरा आठवला. सासूबाई असताना दसऱ्याला गाडीची पूजा त्या करायच्या. सासरे लांब उभे राहायचे. देवावर त्यांचा राग नव्हता, सुपारीवर होता. त्या गेल्यावर पूजा माझ्याकडे आली. शटरबाहेर गाडी काढली, झेंडूचा हार घातला, काचेपुढच्या सपाट जागेवर विड्याच्या पानावर सुपारी ठेवून तिचा गणपती केला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. आणि देव उचलून घ्यायच्या आतच, मागे रिक्षावाले खोळंबले म्हणून, बाबांना गाडी लिंबावरून पुढे घ्यायला सांगितली. गाडी हलली आणि देव दिसेनासा झाला. जाळीची एक पट्टी गेलेली होती, ते मला माहीत नव्हतं. मला वाटलं, रस्त्यावर गडगडला. मी रस्त्यावर दोन मिनिटं वाकून बघितलं, मग वर जाऊन डब्यातून दुसरी सुपारी आणली आणि पुढचे सगळे सोपस्कार तिच्यावर उरकले. सुपाऱ्या सगळ्या सारख्याच दिसतात.

"म्हणजे तुम्हीच घातलात आवाज," बायको म्हणाली.

"घातला नाही. गेला."

मिस्त्री पत्रा बसवत होते. त्यांनी वर बघितलं नाही, पण स्क्रू फिरवायचा वेग कमी झाला.

मेहुण्याला बोलावून घेतलं. तो येईपर्यंत सासरे खुर्चीत बसून होते, गुळगुळीत, न्हाव्यानं केलेल्या दाढीत. बायकोनं सुपारी त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. माझ्या कानाचं सांगितलं, दसऱ्याचं सांगितलं, जाळीचं सांगितलं. माझ्यासाठी तिनं काही गाळलं नाही.

सासऱ्यांनी सुपारी बोटांत धरून फिरवली. "आयुष्यभर हिचे तुकडे लोकांच्या दाढांतून काढले," ते म्हणाले. "आता गाडीतून." आणि मग मुलीला, "म्हणजे आवाज होता."

"होता, बाबा."

"कोणालाही ऐकू जाण्यासारखा."

"यांना सोडून."

आल्याआल्या मी परत दिलेली किल्ली मेहुण्यानं खिशातून काढून टेबलावर ठेवली, पण बोट तिच्यावरून काढलं नाही. "बाबा, चुकलं आमचं. पण मला तरी भीती वाटतेच."

"वाटू दे," सासरे म्हणाले. "आता मलाही वाटते. आधी वाटत नव्हती."

मेहुण्यानं बोट काढलं. त्या खोलीत तेव्हा कोणालाच जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. मी सासऱ्यांच्या हाताकडे बघत होतो. त्यांनी किल्ली उचलली तेव्हा हात हलला का? हलला असेल, नसेलही. हात थरथरतो असं एकदा कोणी म्हटल्यावर त्या हाताकडे पूर्वीसारखं बघताच येत नाही. मला येत नव्हतं, आणि मला वाटतं, त्यांनाही नव्हतं. दाढी तर त्यांनी पुढे कधीच घरी केली नाही. वस्तरा कुठे गेला, ते आम्ही विचारलं नाही.

पण त्या सकाळी ते उठले. चष्मा पुसला, जिना उतरले. आम्ही मागोमाग. शटर त्यांनी स्वतः वर केलं, मेहुणा मदतीला पुढे झाला तेव्हा त्याला कोपरानं बाजूला सारून. गाडीत बसले, चोक ओढला, इंजिन सुरू केलं आणि मान तिरकी करून ऐकत राहिले. आम्ही तिघंही ऐकत होतो. मी उजवा कान पुढे करून.

मला काहीतरी करावंसं वाटत होतं. काय, ते सुचत नव्हतं, म्हणून मी डावीकडचं दार उघडलं आणि म्हणालो, "बाबा, मी येतो बरोबर. खडकीपर्यंत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलीला बोटानं खूण केली.

"हिला नेतो. हिला ऐकू येतं. तुम्ही रिक्षानं या."